सैनिकाच्या पत्नीची नाकारलेली पेन्शन : सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि गावागावातल्या फायली

रानजाई

3 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने नाईक हुद्द्यावरच्या एका दिवंगत सैनिकाच्या पत्नीच्या बाजूने निकाल दिला. न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचं खंडपीठ. केंद्र सरकारचं अपील फेटाळलं आणि वर त्या बाईंना दोन महिन्यांत 50,000 रुपये द्या म्हणून सांगितलं. बातम्यांमध्ये त्या पन्नास हजारांचाच गाजावाजा झाला. प्रकरण नेमकं कशावर उभं होतं हे फारसं कुणी सांगितलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

घटना जानेवारी 2013 ची. काश्मीर, नियंत्रण रेषेजवळचा भाग, ऑपरेशन रक्षक ही दहशतवादविरोधी मोहीम. रात्री एक ते साडेतीनच्या सुमारास हे नाईक गस्तीच्या तुकडीत चालत होते. वाटेत दम लागला, श्वास घेता येईना. हवामान इतकं खराब की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. सोबतच्या जवानांनी त्यांना पायी चौकीबलच्या एमआय रूमपर्यंत, म्हणजे फौजेच्या छोट्या दवाखान्यापर्यंत आणलं. तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कारण लिहिलं गेलं हृदय आणि श्वसन बंद पडल्याचं.

आता कागदाकडे बघा. सुरुवातीला या मृत्यूची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे युद्धजन्य मृत्यू, अशी झाली. नंतर ती बदलून ‘फिजिकल कॅज्युअल्टी, सैनिकी सेवेमुळे’ अशी केली गेली. माणूस तोच, डोंगर तोच, रात्र तीच. पण या एका बदलामुळे पत्नीला पूर्ण पगाराइतक्या लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शनऐवजी कमी रकमेची स्पेशल फॅमिली पेन्शन लागू झाली. त्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे सैनिकांच्या सेवेबद्दलचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात गेल्या. न्यायाधिकरणाने 2019 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला : जानेवारी 2013 पासून लिबरलाइज्ड पेन्शन आणि सोबत एकरकमी सानुग्रह रक्कम. तिथेच विषय संपायला हवा होता. सरकार दिल्लीला अपिलात गेलं आणि त्यात आणखी पाच वर्षं गेली. सेवेत असताना गेलेल्या सैनिकाच्या पत्नीला या न्यायालयापर्यंत खेचायला नको होतं, निर्णय घेणाऱ्यांनी तिच्याशी सहानुभूतीने वागायला हवं होतं, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीचं नाव निघालं की माणसं मान वर करून बोलतात, घरटी फौजी असलेली गावं आहेत. पेन्शनचे अर्ज, हयातीचे दाखले, ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरच्या दुरुस्त्या यात मी बायकांना मदत करते. माझं एकच म्हणणं आहे. या बायका पुढे दहा-दहा वर्षं ज्याच्याशी झगडतात, तो निर्णय मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झालेला असतो, आणि तेव्हा घरात कुणालाही त्याचा पत्ता नसतो. फौजेत राहिलेल्यांनी, हिशेब खात्यातल्यांनी, वकिलांनी इथे लिहावं. मला हे गावात समजावून सांगायचं आहे.

पायदळ

रानजाई ताई, चांगला विषय काढलात. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कुपवाडा सेक्टरला दोन टेन्युअर केले, त्यामुळे चौकीबल म्हटलं की सगळं डोळ्यासमोर येतं.

आधी वर्गवारी सांगतो. 31 जानेवारी 2001 च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रात मृत्यूच्या पाच कॅटेगरी आहेत. ‘ए’ म्हणजे सेवेशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू. ‘बी’ म्हणजे सेवेमुळे झालेला किंवा सेवेमुळे बळावलेला आजार. ‘सी’ म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. ‘डी’ मध्ये अतिरेकी, समाजकंटक यांच्या हिंसाचारातले मृत्यू येतात. ‘ई’ मध्ये शत्रूची कारवाई, युद्धसदृश परिस्थिती, सीमेवरच्या चकमकी, सरकारने जाहीर केलेली ऑपरेशन्स. बी आणि सी ला स्पेशल, डी आणि ई ला लिबरलाइज्ड. ए असेल तर साधी फॅमिली पेन्शन. घरच्यांना यातलं एकच अक्षर कळलं पाहिजे : आपल्या माणसाच्या कागदावर कुठली कॅटेगरी टाकली आहे.

आता त्या रात्रीबद्दल. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना वाटतं, चालताना दम लागला म्हणजे माणूस आजारीच असणार. जानेवारीत तिथे मांडीपर्यंत बर्फ. अंगावर हत्यार, दारूगोळा, रेडिओ सेट, पाठीवर पिठ्ठू. पुढच्याने पाडलेल्या पावलात पाऊल टाकत चालायचं, टॉर्च लावायचा नाही, बोलायचं नाही. आत घाम आणि बाहेर बर्फ, त्यामुळे थांबलं की अंगातला घामच गारठतो. अशात एकाला काही झालं तर नर्सिंग असिस्टंट जवळ असला तरी त्याच्या पिशवीत मावेल तेवढंच औषध. मग ग्राउंडशीट आणि दोन दांडक्यांचं स्ट्रेचर करायचं आणि चौघांनी आळीपाळीने खांदा द्यायचा. उतारावर स्ट्रेचर सरळ राहत नाही, म्हणून पायाकडचे दोघं जवळजवळ बसून सरकत येतात. सपाटीला ज्याला वीस मिनिटं लागतील त्याला तिथे तास-दीड तास जातो. हेलिकॉप्टर रात्री, धुक्यात येत नाही, यात पायलटचा काही दोष नसतो.

तो माणूस तिथे नसता, त्या वेळी नसता, तर गेला असता का? हाच प्रश्न आहे. कमांडिंग ऑफिसरच्या अहवालात हवामान, उंची, ड्यूटीचं स्वरूप हे सगळं लिहिलेलं असतं. हजार किलोमीटरवरच्या टेबलावर बसून ते पुसून टाकणं मला पटत नाही.

हिशेबनीस

मी संरक्षण लेखा विभागात नोकरी केली. इथे आमच्या खात्याला खलनायक ठरवलं जाण्याआधी दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट, प्रयागराजचं पेन्शन लेखा कार्यालय मृत्यूची वर्गवारी ठरवत नाही. ती सेनेच्या मुख्यालयाकडून ठरून येते. सैनिकांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस दावा तयार करतं, आमच्याकडे येतो तेव्हा कागदावर जे लिहिलंय त्यानुसार पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघतो. ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ लिहिलेल्या फायलीवर लिबरलाइज्ड पेन्शन मंजूर करण्याचा अधिकार कुठल्याही लेखापालाला नाही. केली तर लेखापरीक्षणात वसुली त्याच्यावर निघते.

दुसरी गोष्ट, फरक मोठा आहे म्हणूनच सीमारेषा आखावी लागते. समजा शेवटचा पगार 40,000 रुपये. साधी फॅमिली पेन्शन 30 टक्के, म्हणजे 12,000. सेवेत मृत्यू असेल तर पहिली दहा वर्षं 50 टक्के, म्हणजे 20,000. स्पेशल 60 टक्के, 24,000. लिबरलाइज्ड म्हणजे पूर्ण पगार, 40,000. वर महागाई भत्ता सगळ्यांवरच. शत्रूशी लढताना गेलेल्याच्या घराला पूर्ण पगार, हे तत्त्व आहे. फील्ड एरियात झालेला प्रत्येक हृदयविकाराचा मृत्यू त्यात घातला, तर तत्त्वाला अर्थ राहत नाही. सैन्यात चाळिशीतल्या माणसांनाही हृदयविकार होतो, मग पोस्टिंग पुण्यात असो की पुंछला.

मी त्या बाईंच्या विरोधात बोलत नाही. नियम राबवणाऱ्यांना नियमाच्या बाहेर दया दाखवता येत नाही, एवढंच म्हणतो आहे.

रानजाई

हिशेबनीस काका, आकडे दिलेत ते फार उपयोगी पडतील. महिन्याला 16,000 चा फरक, तोही जन्मभर. मुलांची शिक्षणं त्यात होतात.

पण या प्रकरणात नियमाबाहेरची दया मागितलेलीच नव्हती, म्हणूनच मी निकाल वाचा म्हणते. 2003 च्या आर्मी ऑर्डर 1 मध्ये बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे काय याची यादी आहे. आंतरराष्ट्रीय सीमेवर किंवा नियंत्रण रेषेवर कार्यरत असताना नैसर्गिक आपत्तीमुळे किंवा हवामानामुळे झालेल्या आजाराने मृत्यू, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. सेनेने स्वतः केलेला नियम. न्यायालयाने तोच परिच्छेद उचलला, त्यात 2013 ची घटना बसते का ते पाहिलं, आणि बसते असं म्हटलं. पुण्यातल्या हृदयविकाराला हा परिच्छेद लागूच होत नाही. त्यामुळे सगळेच आत येतील ही भीती इथे लागू नाही.

माझा राग अपिलावर आहे. स्वतःच्या आदेशात लिहिलेली गोष्ट, स्वतःच्याच अधिकाऱ्याचा अहवाल, न्यायाधिकरणाचा निकाल, हे सगळं हातात असताना फाईल पुढे पाठवण्याची सही कुणीतरी केलीच ना?

मांडवीतीर

यावर गोव्यातून लिहितो. मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी याच कारणासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. आपल्याच सैनिकांविरुद्ध मंत्रालय इतके खटले का लढतं, हा प्रश्न त्यांनी स्वतः मंत्रालयात बसून विचारला. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. पेन्शन आणि अपंगत्वाच्या प्रकरणांत आपोआप अपील करत जाण्याच्या पद्धतीवर त्यात कडक शब्दांत टीका आहे. विषय कायद्याने मिटलेला असताना पुन्हा पुन्हा वर जाऊ नका, असा त्याचा रोख होता.

त्यानंतर नऊ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला तेच सांगावं लागलं. मंत्री बदलतात, समित्या होतात, पण टेबलावरच्या माणसाला अपील न करण्यात धोका वाटतो आणि करण्यात वाटत नाही, तोवर हे चालूच राहणार. अपील न करण्याचा निर्णय घेणाऱ्याला संरक्षण मिळालं पाहिजे.

हिशेबनीस

मांडवीतीर, हे मात्र शंभर टक्के खरं. फाईल वर पाठवली तर कुणी विचारत नाही, बंद केली तर चार ठिकाणी खुलासा द्यावा लागतो. अपील करायचं असेल तर ते का, याचं लेखी कारण एका जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने द्यावं, असं माझं मत नोकरीत असतानाही होतं.

कायद्याचं_बोलू

मी वकिली करते, सेवाविषयक प्रकरणं बघते. गावात समजावून सांगायचं आहे म्हणता, तर वाट सांगते.

दावा नाकारल्याचं पत्र आलं की त्या पत्राची तारीख जपा. सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं, ते सेना मुख्यालयाच्या अपील समितीकडे जातं. तिथे नाही झालं तर दुसरं अपील वरच्या समितीकडे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झालं, 2009 मध्ये काम सुरू झालं. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे, महाराष्ट्र आणि गोव्यातली प्रकरणं तिथे चालतात. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, पण उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. कागद घेऊन येणाऱ्या बहुतेक बायका वर्षानुवर्षं उशिरा आलेल्या असतात. त्यांना मी सांगते, उशीर झाला म्हणून घरी बसू नका.

याचं कारण 2008 चा तरसेम सिंग निकाल. दर महिन्याला कमी पेन्शन मिळणं हा चालू राहणारा अन्याय आहे असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात मानलं. त्यामुळे हक्क बुडत नाही. मात्र मागची थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. रानजाईंनी सांगितलेल्या प्रकरणात 2013 पासूनची मिळाली, पण सगळ्यांना तशी मिळेल असं गृहीत धरू नका. लवकर या, हे म्हणूनच सांगणं.

न्यायाधिकरणात हरलात तर पुढे काय, हा प्रश्न मध्यंतरी फार अवघड झाला होता. सर्वोच्च न्यायालयात जायला कायद्याचा सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा लागतो. एकट्या बाईच्या पेन्शनमध्ये असा मुद्दा दरवेळी कुठून आणायचा? 2015 च्या मेजर जनरल श्रीकांत शर्मा निकालानंतर उच्च न्यायालयाचं दारही जवळपास बंद झालं. मार्च 2023 मध्ये परशोत्तम दास निकालात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ते पुन्हा उघडलं : घटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचा अधिकार काढून घेता येत नाही. आपल्या बायकांसाठी हा निकाल फार मोठा आहे. मुंबईला जाणं आणि दिल्लीला जाणं यात किती फरक पडतो हे मी वेगळं सांगायला नको.

पैशाचं म्हणाल तर, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनी, नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदत मिळावी असा त्यामागचा हेतू आहे. तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहतो, आमच्या शेजारच्या आजी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या सैनिकाच्या पत्नी. त्यांचा दावा आधी नाकारला गेला होता, त्यामुळे इथली पद्धत थोडी जवळून पाहिली.

इथे माजी सैनिकांच्या दाव्यांवर न्यायालयात दाद मागण्याची नीट सोय 1988 च्या कायद्यानंतर झाली. आधी माजी सैनिकांच्या खात्यातल्या अपील बोर्डाकडे अपील, बोर्डाने नाकारलं तर 120 दिवसांत खास माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी असलेल्या न्यायालयात. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कायद्यानेच कौल सैनिकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या बाजूने द्यायचा. दोन, काही आजारांची यादीच केलेली आहे. व्हिएतनाममध्ये सेवा केली आणि यादीतल्या आजाराने मृत्यू झाला, तर त्याचा सेवेशी संबंध आहे असं धरूनच चालतात. तिथल्या रासायनिक फवारणीमुळेच आजार झाला याचा पुरावा पन्नास वर्षांनी बाईने कुठून आणायचा?

दावे इथेही वर्षानुवर्षं रखडतात, पण सिद्ध करण्याचं ओझं बरंच सरकारवर आहे.

कायद्याचं_बोलू

हडसनकाठ, पहिली गोष्ट आपल्याकडेही आहे, लोकांना माहीत नाही. 1982 च्या पात्रता नियमांतला नियम 9 : दावेदाराला पात्रता सिद्ध करायला सांगायचं नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डमधल्या सेवेच्या प्रकरणात तो जास्त सढळ हाताने द्यायचा. सैनिक भरती होताना तंदुरुस्त होता आणि नोंदीत आजार नव्हता, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे झाला असं मानायचं, तसं नसेल तर ते सरकारने दाखवायचं, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अपंगत्व पेन्शनच्या निकालात ठामपणे घेतली.

पण एक ध्यानात ठेवा. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम आले आहेत. त्यानंतरच्या मृत्यूंना ते लागू होतात आणि त्यातली भाषा आधीइतकी उदार नाही. म्हणून कुणी जुना निकाल दाखवून ‘तुमचं होऊन जाईल’ म्हटलं, तर आधी मृत्यूची तारीख बघा.

सावली

मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. माझे यजमान हवालदार होते. उंचावरच्या पोस्टवर असताना छातीत दुखून गेले. मला स्पेशल पेन्शन मिळते. कॅटेगरी कुठली आहे हे मला या धाग्यापर्यंत माहीत नव्हतं. पायदळ दादांनी सांगितल्यावर पीपीओ काढून बघितला.

ते गेले तेव्हा युनिटचे लोक घरी आले, खूप आदराने वागले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दहाव्याच्या आत किती कागदांवर सह्या केल्या ते मला आठवत नाही. सासऱ्यांनी सांगितलं सही कर, मी केली. त्या कागदांची एकही प्रत आमच्याकडे नाही. ताई म्हणतात तसं, ठरायचं ते तेव्हाच ठरून गेलं.

माझी दुसरी अडचण नावाची. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. यजमानांच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या कौटुंबिक नोंदीत, माझं सासरचं नाव आहे. आधार आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. बँकेत तिसरंच, कारण तिथे कुणीतरी नावापुढे ‘बाई’ लावलं. मी एका कार्यालयात गेले तर तिथला माणूस म्हणाला, ही बाई तुम्हीच कशावरून? लग्नाचा फोटो दाखवला तर म्हणाला, फोटो चालत नाही. त्या दिवशी मी परत येताना एसटीत रडले. नंतर रानजाई ताईंसारख्याच एका बाईंनी प्रतिज्ञापत्र, गॅझेट सगळं करून दिलं तेव्हा मार्गी लागलं.

आता माझा प्रश्न. माझी वर्गवारी बरोबर आहे की नाही हे मला कसं कळणार? आणि इतक्या वर्षांनी विचारलं तर आहे ती पेन्शन बंद होईल का?

पायदळ

सावली ताई, पहिलं म्हणजे आहे ती पेन्शन अशी विचारल्याने बंद होत नाही. घाबरू नका. तुमच्या नवऱ्याने मिळवलेली आहे ती.

तुम्हाला तीन कागद हवेत : कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे फौजेच्या अंतर्गत चौकशीची, कार्यवाही, कमांडिंग ऑफिसरचं मत आणि सुरुवातीला गेलेला कॅज्युअल्टीचा रिपोर्ट. पोस्ट कुठली होती, ऑपरेशनचं नाव काय, उंची किती, हे त्यात असतं. पहिल्या रिपोर्टमध्ये एक आणि नंतरच्या पत्रात दुसरं लिहिलं असेल, तर तिथेच तुमची केस आहे. त्यांच्या कंपनीतलं कुणी आसपासच्या गावात राहत असेल तर त्यालाही भेटा. कोण कुठल्या वर्षी कुठे होता हे फौजीला विसरता येत नाही, आणि अशा कामाला कुणी नाही म्हणणार नाही.

रानजाई

सावली ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नावाची अडचण मी जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये बघते. इथे वाचणाऱ्या ज्या घरात फौजी आज नोकरीत आहे, त्यांना हात जोडून सांगते : तो सुट्टीवर आला की पार्ट टू ऑर्डरमधलं बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. तो असताना युनिटमधल्या क्लार्ककडून हे सरळ दुरुस्त होतं. तो नसताना त्याच कामाला तालुका, जिल्हा आणि कोर्ट अशा फेऱ्या होतात. सून घरात आल्या आल्या असलं बोलणं अशुभ मानतात, मला माहीत आहे. तरी करा. सासूबाईंनीच पुढाकार घेतला तर कुणी काही बोलत नाही.

चिंचबन

थोडं अवांतर, पण महाराष्ट्राचं आहे म्हणून. पेन्शन केंद्राची, पण शहीद जवानांच्या कुटुंबाला राज्य सरकारही मदत देतं. तिथेही असंच झालं होतं. मेजर अनुज सूद 2 मे 2020 ला हंदवाड्याला धारातीर्थी पडले, त्यांना शौर्यचक्र मिळालं. राज्याच्या नियमात महाराष्ट्रात जन्म किंवा सलग पंधरा वर्षं वास्तव्य अशी अट होती, त्यावरून त्यांच्या पत्नीला लाभ नाकारला गेला. त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सरकारच्या भूमिकेवर तीव्र नाराजी दाखवली, तेव्हा 2024 मध्ये विशेष बाब म्हणून मदत मंजूर झाली. फौजी माणसाने पंधरा वर्षं सलग एका राज्यात राहायचं कसं? त्याची बदली तर सरकारच करतं.

हिशेबनीस

सावली ताई, हिशेबाच्या बाजूने सांगतो. ‘स्पर्श’वर तुमचं लॉगिन असेल तर पीपीओ पुन्हा डाउनलोड करून घ्या. त्यात पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. दुरुस्तीचा पीपीओ मध्ये कधी निघाला असेल तर तोही घ्या. पुढे वर्गवारी बदलली तर फरकाचा हिशेब याच कागदांवर होईल. बँकेचे पासबुक जुने झाले म्हणून टाकू नका.

आणि मी आधी लिहिलं त्यावर ठाम आहे, रेषा हवी. पण तुमच्या बाबतीत रेषेच्या कुठल्या बाजूला आहात हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, हे चूक आहे. नाकारलेल्या प्रत्येक दाव्याचं कारण मराठीत, समजेल असं लिहून घरी आलं पाहिजे.

सावली

सगळ्यांचे आभार. कायद्याचं_बोलू ताई, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद मागायचे कसे? आपण साध्या माणसांनी मागितले तर देतील का?

कायद्याचं_बोलू

आधी रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र लिहा : यजमानांचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, तुमचं नातं, आणि पायदळ दादांनी सांगितलेले तीन कागद. सोबत पीपीओची प्रत जोडा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. अर्जात कारण लिहिण्याची गरज नसते, पण मी मृत सैनिकाची पत्नी आहे आणि माझ्या पेन्शनसाठी हवे आहेत हे लिहाच. काही भाग सुरक्षेच्या कारणाने वगळून देतील, तरी निष्कर्ष आणि कमांडिंग ऑफिसरचं मत तेवढं आपल्याला पुरतं. नाही म्हणाले तर तो नकारही लेखी घ्या, न्यायाधिकरणापुढे तोच कागद मांडून मूळ नोंदी मागवता येतात.

पत्राचा मसुदा मी आज रात्री इथेच मराठीत आणि इंग्रजीत टाकते. तुमची कुठलीही खासगी माहिती इथे उघड लिहू नका.

सावली

टाका ताई. धाकट्या दिरांनी उद्याची सुट्टी काढली आहे. सकाळी सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मोफत वकिलाचं विचारतो आणि तिथूनच पोस्टात जातो. त्यांच्या कंपनीतले एक जण कराडजवळ असतात असं सासरे म्हणाले, त्यांचा नंबर मिळवला आहे. काय उत्तर येतं ते इथे लिहीन.